वाघ्याची भाकर बंद!

तुमच्या फोनवर सकाळी सकाळी कशाचे फोटो येतात? गुड मॉर्निंगची फुलं, भाच्याचा नवा दात, ऑफिसच्या ग्रुपवरचे पीजे... माझ्या फोनवर रोज साडेनऊला वजनकाट्याचा फोटो येतो. वर पातेलीत भात, खाली आकडा. पाठवणारी माझी आई, मुक्काम पोस्ट कनेरगाव नाका, जिल्हा हिंगोली. चाळीस वर्षं जिनं मीठसुद्धा चिमटीनंच टाकलं, ती हल्ली ग्रॅममध्ये बोलते. तेही एका कुत्र्यासाठी!

कनेरगाव नाका माहीत नसलेल्यांसाठी (म्हणजे माझ्या अख्ख्या फ्लोअरसाठी) सांगतो. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचं आमचं गाव. पैनगंगेच्या अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. एके काळी अलीकडे निजाम आणि पलीकडे वऱ्हाडात इंग्रज. आता फक्त ट्रक. अशाच एका ट्रकखालून बाबांनी बारा वर्षांपूर्वी एक पिल्लू ओढून काढलं, तो वाघ्या. ब्रीड विचारू नका. रंग भाकरीचा, वजन अठरा किलो, हॉबी म्हणजे एसटीवर भुंकणं.

मागच्या दिवाळीत घरी गेलो तर साहेब एसटीकडे बघतसुद्धा नव्हते. पाठीचा कणा हाताला लागत होता. आई म्हणाली, "वय झालं बाबा त्याचं. रात्री दोनदोनदा ओसरीतच करतो. म्हणून ह्यांनी संध्याकाळीच पाण्याचं भगुणं उचलून ठेवलं."

मीही मान डोलावली. वय झालं. लॉजिकल वाटलं ना? तर मंडळी, आम्ही तिघांनी मिळून केलेली ही सगळ्यात मोठी चूक. किडनी थकली की तिला लघवी घट्ट करता येत नाही. पाणी शरीरातून नुसतं वाहून जातं, आणि ते भरून काढायला कुत्रा भगुणंच्या भगुणं संपवतो. तो जास्त पितो म्हणून जास्त करतो असं नाही. त्याला थांबवता येत नाही म्हणून तो पितो. अशा कुत्र्याचं पाणी तोडणं म्हणजे उरलीसुरली किडनीही सुकवणं. हे मला अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बाबा बाजूलाच उभे होते. परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर भगुणं स्वतः घासलं, भरलं आणि ओसरीत ठेवलं. शेजारी दुसरंही ठेवलं.

रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन ३.४ होतं. किडनीच्या आजाराच्या चार पायऱ्या धरतात आणि कुत्र्यांमध्ये २.९ ते ५ म्हणजे तिसरी. क्रिएटिनिन वाढायला लागतं तेव्हा किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम आधीच गेलेलं असतं. ते परत येत नाही. मग हातात काय उरतं? वाडगा. वाडग्यात काय पडतं त्यावर पुढचे महिने ठरतात. हे काही आजीबाईच्या बटव्यातलं नाही बरं का. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ मध्ये किडनीच्या ३८ कुत्र्यांचा अभ्यास छापला. त्यात किडनीसाठीच्या खास आहारावरच्या कुत्र्यांची तब्येत अचानक ढासळण्याचं प्रमाण खूप कमी होतं आणि ते जगलेही जास्त.

असलं रेडीमेड खाणं मिळतं. महाग असतं, पण डॉक्टरांची पहिली पसंती तेच. आम्ही मागवलंही. वाघ्यानं हुंगलं, आईकडे बघितलं आणि जाऊन तुळशीमागे झोपला. तीन दिवस हाच सीन. न खाल्लेलं उत्तम खाणं काय कामाचं? तेव्हा घरी शिजवायचं ठरलं.

आणि इथे खरा पेच आला. बारा वर्षं वाघ्याचा मेनू एकच. दूध-भाकर, वर कोरड्यासाचा रस्सा. आईच्या लेखी याहून पौष्टिक जगात काही नाही. पण थकलेल्या किडनीचा व्हिलन नंबर वन आहे फॉस्फरस. तो बाहेर टाकता आला नाही की रक्तात साठतो आणि किडनी आणखी बिघडवतो. ज्वारीत तो पांढऱ्या तांदळाच्या दुपटीहून जास्त. दुधात आहे, हाडात तर ठासून भरलेला. रस्सा म्हणजे मीठ, शिवाय कांदा-लसूण, आणि ते तर धडधाकट कुत्र्यालाही विषारी. थोडक्यात, आईच्या प्रेमाची एकूण एक आयटम बाद!

"मग खायचं काय लेकरानं?" आईचा प्रश्न.

"अंड्याचा पांढरा भाग," मी म्हटलं, आणि फोनवर दोन मिनिटं शांतता.

आई माळकरी आहे. आमच्या स्वयंपाकघरात अंडं कधी आलेलं नाही. मी हॉस्टेलवर पहिलं ऑम्लेट खाल्लं ते अजून घरी सांगितलेलं नाही (आता कळेल). पण अंड्याचं गणितच तसं आहे. एका अंड्याच्या पांढऱ्या भागात फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम, पिवळ्यात ६५च्या आसपास. शिवाय पांढऱ्यातलं प्रोटीन एकदम फर्स्ट क्लास. किडनीच्या कुत्र्याचं प्रोटीन बेताचं ठेवायचं असतं, पण पार तोडलं तर तो स्वतःचे स्नायूच जाळायला लागतो. म्हणून थोडं, पण चांगलं.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. परसात तीन विटा, त्यावर जुनी ॲल्युमिनियमची पातेली. खाली मेसेज, बाबांच्या हातचा: "तुझ्या आईने वेगळी चूल मांडली." गळ्यात माळ घालून ती अंडी उकडते, सोलते, पिवळं काढून शेजारच्या पोरांना देते, हात धुते आणि मग देवपूजेला बसते. चिकनला मात्र तिनं हात जोडले. डॉक्टरांनी अंड्यांवरच हिशेब बसवून दिला. पांढरा भात, उकडून पाणी काढलेला दुधी, कॅलरीजसाठी बऱ्यापैकी तेल, माशाच्या तेलाची कॅप्सूल (ती आईनं डोळे मिटून फोडली), जीवनसत्त्वांची पूड आणि कॅल्शियम कार्बोनेट. हे शेवटचं फार कामाचं. ते पोटातच फॉस्फरसला पकडून ठेवतं, म्हणून जेवणातच मिसळायचं, नंतर दिलं तर उपयोग नाही.

किती ग्रॅम, ते मी इथे छापणार नाही. रागावू नका. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या, किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठीच्या ६७ घरगुती रेसिपी तपासल्या. सगळे पोषक घटक पुरेसे असलेली एकही निघाली नाही. तेव्हा रेसिपी मैत्रिणीची नको, माझी तर नकोच. आपल्या कुत्र्याचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडून लिहून घ्या. आमच्या भागात परभणी आणि अकोला, दोन्हीकडे सरकारी पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत. पुण्या-मुंबईत बसून "गावाकडे कुठे सोय असते" म्हणायची सवय मलाही होती.

आणि गंमत ऐका. ज्या महागड्या डब्याकडे वाघ्यानं पाठ फिरवली, त्या प्रकारच्या खाण्याचा जन्मही घरच्या स्वयंपाकघरातलाच. १९३९ मध्ये मॉरिस फ्रँक नावाचा अंध तरुण आपला गाइड डॉग बडी याला घेऊन न्यू जर्सीच्या डॉ. मार्क मॉरिस यांच्याकडे गेला. बडीची किडनी गेलेली. डॉक्टरांनी आणि त्यांच्या बायकोनं घरीच खाणं शिजवलं, काचेच्या बरण्यांत भरून दिलं. प्रवासात बरण्या फुटायला लागल्या म्हणून मग डबाबंद करायची आयडिया निघाली. १९४८ मध्ये हिल्स कंपनीमार्फत ते बाजारात आलं. म्हणजे आईच्या तीन विटांची परंपरा तशी इंटरनॅशनल आहे!

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. क्रिएटिनिन ३.१. फॉस्फरस ६.८ वरून ४.९ वर, म्हणजे या पायरीला हवं तसं पाचाच्या आत. वजन सातशे ग्रॅमनं वाढलं. चमत्कार वगैरे नाही. अजूनही एखाद्या दिवशी मळमळतं, वाडगा तसाच राहतो. मग आई भात कोमट करून हातानं भरवते आणि मला फोटोऐवजी फोन येतो. तो फोन वाजला की मीटिंगमधून उठताना माझे पाय जड होतात. कधीतरी एक फोन वेगळा असणार आहे, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे.

सध्या मात्र आईचं टेन्शन निराळंच आहे. पोळा येतोय. आमच्याकडे बैलांना पुरणपोळी आणि बैलांनंतर वाघ्याला, हा बारा वर्षांचा शिरस्ता. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ, फॉस्फरसच फॉस्फरस. आई म्हणते, "नखाएवढी तरी चालंल का, विचार की डॉक्टरला. किती ग्रॅम ते सांग, मी मोजून देते."

मेसेज टाकलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर यायचंय.