महाडच्या वाटेवर कर्नाळा

चवदार तळ्याला अभिवादन करण्यासाठी आमच्या शाळेची बस दरवर्षी २० मार्चला पनवेल ओलांडून महाडकडे जाते. वाटेत महामार्ग कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जातो. १९६८ साली घोषित झालेले हे अरण्य आम्ही वर्षानुवर्षे खिडकीतूनच पाहिले. गेल्या मे महिन्यात, सुटीतही वसतिगृहात राहिलेल्या मुलांना घेऊन, तेथे प्रथमच उतरलो आणि दिवसभर थांबलो.

‘पक्षी पाहून नोकरी मिळते काय?’ असे एका पालकांनी विचारले होते. हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्या कित्येक मुलांच्या आज्या रानात गेल्या त्या मोळीसाठी. डोक्यावर ओझे असताना मान वर करून झाडाकडे कोण पाहणार? नेमक्या याच कारणासाठी नातवंडांना रानात निवांत पाहता यावे, असे आमचे मत आहे.

किल्ल्याच्या पायवाटेवर शिक्र्याची हाक ऐकू आली. आम्ही अधिकारवाणीने ‘शिक्रा’ असे सांगून वहीत लिहावयास लावले. सातवीतील एका मुलीने मात्र लिहिले नाही. ती तेथेच बसून राहिली. बऱ्याच वेळाने फांदीवर दिसला तो पल्लवपुच्छ कोतवाल : काळाभोर, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकांना पिसांची पाने. पुन्हा तीच हाक त्याच्याच चोचीतून आली. हा पक्षी इतरांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, हे आम्ही वाचलेले होते. ऐनवेळी आठवले नाही. सर्वांच्या वह्यांत दुरुस्ती झाली, आमच्याही.

मुले रोज धम्मवंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणतात. ‘ये आणि पाहा’ हा त्याचा अर्थ आम्हीच अनेकदा फळ्यावर लिहून दिला आहे. पाहण्याचा धडाही आम्ही लिहूनच देत होतो, हे त्या दिवशी ध्यानात आले. इतिहासाच्या तासाला एखाद्या विद्यार्थ्याने आमचे विधान तपासून खोडून काढल्याचा प्रसंग आम्हांला तरी स्मरत नाही.

दुपारी ओढ्याकाठच्या उरल्यासुरल्या ओल्या मातीवर नीलवंत क्षार शोषीत बसले होते. २०१५ पासून हे आपले राज्य फुलपाखरू आहे. मुले जेवणाचे डबे विसरून त्यांच्याभोवती उकिडवी बसली.

संस्थेला आमची एक सूचना आहे. येत्या २० मार्चला बस पहाटेच सुटावी, म्हणजे महाडला पोहोचण्यापूर्वी दोन तास कर्नाळ्यात मिळतील. पक्ष्यांची यादी त्या मुलीने सांगावी. आम्ही उतरवून घेऊ.