आधी सही, मग शोध

माझ्या एका मित्राने फ्लॅटचं टोकन दिलं, अ‍ॅग्रीमेंट केलं आणि मग सर्च रिपोर्टसाठी वकील गाठला. वकिलाने कपाळाला हात लावला. आम्ही हसलो. पण बॉस, हाच उलटा क्रम ऑस्ट्रेलियात सरकारी शिक्क्यानिशी झालाय, आणि तिथे पणाला लागली होती ४६ हजार वर्षं!

खाणीआधीचा पुरातत्त्व सर्व्हे ही काही इंडियाना जोन्सगिरी नसते. ठरावीक अंतर सोडून रांगेत उभं राहायचं, नजर जमिनीवर, आणि उन्हात चालत सुटायचं. घडवलेल्या दगडाची कपची दिसली की नोंद. कातळाखाली आडोसा असेल तर छोटा खड्डा घ्यायचा, माती चाळायची, थरांचं वय काढायचं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पिलबारा नावाचा लोहखनिजाचा लालभडक मुलूख आहे. तिथल्या जूकन गॉर्जमध्ये सुरुंग लावायची परवानगी रिओ टिंटो कंपनीला २०१३ मध्ये मिळाली. मोठं उत्खनन झालं २०१४ मध्ये. म्हणजे सही आधी, शोध नंतर! आणि काय सापडलं? सात हजारांवर वस्तू. कांगारूच्या हाडाचं २८ हजार वर्षांपूर्वीचं हत्यार. शिवाय माणसांच्या केसांची वेणी घालून केलेल्या पट्ट्याचा ४ हजार वर्षं जुना तुकडा. त्याचा डीएनए तिथल्या आजच्या पुतू कुंती कुर्रामा आणि पिनिकुरा लोकांशी जुळला. खापरपणजीच्याही कैक पिढ्या मागच्या आजीचा अंबाडा हाती लागावा, तसं.

पण १९७२ च्या कायद्यात दिलेली परवानगी नव्या माहितीवरून फेरतपासायची सोयच नव्हती. खाणीच्या आराखड्याचे चार पर्याय होते, त्यातल्या तिघांत या गुहा वाचत होत्या. निवडला चौथा, कारण त्यात सुमारे ८० लाख टन जास्तीचं खनिज मिळणार होतं. (एक्सेल शीटमध्ये ‘आजी’ नावाचा कॉलम नसतो.) २४ मे २०२० ला दोन्ही गुहा उडवल्या.

मग संसदेची चौकशी झाली, सीईओसकट तिघा बड्यांची खुर्ची गेली. नवा कायदा जुलै २०२३ मध्ये लागू झाला आणि त्याच वर्षी मागेही घेतला गेला. जुनाच दुरुस्त करून परत आणला. आता परवानगीनंतर काही नवं कळलं, तर मंत्र्यांना कळवावं लागतं.

त्या लोकांना स्फोटाची बातमी कशी लागली? जुलैत गुहा बघायला येऊ का, असं त्यांनी मे महिन्यात कंपनीला विचारलं होतं. तेव्हा कळलं, सुरुंग भरून झालेत.