सेनापती बापट मार्गावरील झगमगाट

लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या आवारात आज परदेशी घड्याळांची आणि उंची वस्त्रांची दालने झगमगतात. ज्या रस्त्यावर ही बाजारपेठ उभी आहे, त्याला सेनापती बापटांचे नाव आहे. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी टाटांच्या धरणाखाली जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ साली बापट सत्याग्रहात उतरले. धरणाची वीज मुंबईच्या उद्योगांसाठी होती. तेव्हा शेतकरी विस्थापित झाला. १९८२ च्या संपानंतर गिरणी कामगाराची पाळी आली.

हे परिवर्तन बाजाराच्या नियमाने आपोआप घडले, असे सांगितले जाते. वस्तुस्थिती निराळी आहे. १९९१ च्या नियमावलीने पुनर्विकासात गिरण्यांच्या जमिनीचा एकतृतीयांश वाटा मोकळ्या जागांसाठी व तेवढाच सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य ठरविली. घरासाठी अर्ज केलेल्या लाखाहून अधिक कामगार-वारसांपैकी अनेकांना पुढे शेलू-वांगणीची वाट दाखविली गेली.

कलमाने गेलेली जमीन कलमानेच परत मिळवावी लागेल. कामगाराचे घर गिरणगावातच हवे, ही मागणी या रस्त्याच्या नावाला जागणारी आहे.