चांदींतला रिझाल आणि पुस्तकांतला रिझाल

राष्ट्रपुरुषाचा मुखवटा नाण्यावर उमटविला म्हणजे त्याचें ऋण फिटलें, असा सोयीस्कर समज बहुतेक देशांतील सरकारांनीं करून घेतलेला दिसतो. फिलिपाईन्सनें १९६१ सालीं आपले राष्ट्रवीर डॉ. होसे रिझाल यांच्या जन्मशताब्दीनिमित्त रौप्य नाणीं पाडलीं. त्यांचें कौतुक संग्राहकांच्या मंडळींत आजहि चालू आहे. नाणें देखणें आहे, त्यांत चांदी शेंकडा नव्वद आहे. त्याविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचा वाद आहे तो या जातीच्या सन्मानाशीं.

रिझाल हे व्यवसायानें नेत्रवैद्य. जन्म कालांबा गांवीं, १९ जून १८६१ चा. त्यांनीं तलवार हातीं धरली नाहीं, लेखणी धरली. ‘नोली मी टांगेरे’ ही त्यांची कादंबरी १८८७ सालीं बर्लिन येथें व ‘एल फिलिबुस्टेरिस्मो’ ही १८९१ सालीं गेंट येथें छापली गेली. स्पॅनिश सत्ता व तिच्या आश्रयानें माजलेले मठवासी यांचें खरें स्वरूप या दोन ग्रंथांनीं चव्हाट्यावर मांडलें. ३० डिसेंबर १८९६ रोजीं मनिला येथील बागुम्बायान मैदानावर त्यांस गोळ्या घालण्यांत आल्या. आरोप बंडाचा होता. परंतु खरा अपराध त्या दोन पुस्तकांचाच, असें आम्ही समजतों. अशा पुरुषाचें स्मारक करावयाचें तर तें त्याच्या शब्दांनीं करावयाचें कीं त्याच्या मुखवट्यानें?

शताब्दीचा पेसो व अर्धा पेसो अशीं दोन नाणीं निघालीं, तीं प्रत्येकीं एक लाख. त्या वेळीं देशाची लोकसंख्या सुमारें २ कोटी ७० लाख होती. म्हणजे दोनशें सत्तर माणसांमागें एक पेसो! इतकें दुर्मिळ नाणें भाजीबाजारांत फिरत नाहीं. तें मखमलीच्या पेटींत जाऊन बसतें. ज्यानें सामान्य रयतेसाठीं प्राण वेंचले, त्याची मूर्ति रयतेच्या हातीं न लागतां शौकिनांच्या कपाटांत पडावी, याला सन्मान म्हणावयाचें काय?

आतां याच सरकारची दुसरी बाजू पाहा. नाण्याच्या पांच वर्षें आधीं, १९५६ सालीं, सिनेटर क्लारो रेक्टो यांच्या पुढाकारानें एक कायदा झाला. शाळा-महाविद्यालयांतून रिझाल यांचें चरित्र व दोन्ही कादंबऱ्या शिकवाव्या, त्यांचीं देशी भाषांत भाषांतरें करावीं, स्वस्त आवृत्त्या छापून वाचूं इच्छिणारांस गांवोगांवीं फुकट वाटाव्या, असें त्यांत स्पष्ट लिहिलें आहे. त्यासाठीं तीन लाख पेसोंची तरतूदहि होती. परंतु कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनीं या कायद्यास कडाडून विरोध केला, आणि अखेरीस धर्मश्रद्धेच्या कारणावरून विद्यार्थ्यास वाचनांतून सूट मिळण्याची वाट त्यांत ठेवावी लागली. पुढें १९९४ सालीं, म्हणजे अडतीस वर्षांनीं, राष्ट्राध्यक्ष फिदेल रामोस यांस ‘या कायद्याची पूर्ण अंमलबजावणी करा’ असा हुकूम काढावा लागला! चांदीचीं नाणीं मात्र शताब्दीच्या सालीं बिनचूक पडलीं.

यावर कोणी म्हणतील, नाणें आणि पुस्तक यांत विरोध कसला? दोन्ही असावीं. असावीं खरीं, पण अनुभव असा कीं सोपें तें आधीं होतें आणि अवघड तें राहून जातें. मुखवटा बोलत नाहीं, म्हणून तो कोणासहि मानवतो. अमेरिकन अमदानींतहि १९०१ सालीं एका प्रांतास रिझाल यांचें नांव दिलें गेलें व दोन पेसोंच्या नोटेवर त्यांचें चित्र झळकलें. परकी राज्यकर्त्यासहि जें चित्र गैरसोयीचें वाटलें नाहीं, तेंच चांदींत ओतून स्वदेशी सरकारनें विशेष काय साधलें?

एक गोष्ट मात्र आम्ही प्रांजळपणें मान्य करतों. ४ जुलै १९४६ रोजीं देश स्वतंत्र झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यानें स्मारक म्हणून जीं रौप्य नाणीं काढलीं त्यांवर मूर्ति होती अमेरिकन सेनापति मॅकआर्थर यांची! सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळींत तीं पाडलीं गेलीं. त्या मानानें १९६१ चें नाणें हें स्वाभिमानाचें एक पाऊल होतें, हें नाकारणें अन्यायाचें होईल. पण पहिलें पाऊल म्हणजे मुक्काम नव्हे.

रिझाल यांची मूर्ति आज एक पिसोच्या साध्या नाण्यावरहि आहे. त्यांत चांदीचा कण नाहीं; तें जीपनीवाल्याच्या मुठींत मळतें, पोराच्या खिशांत खुळखुळतें, हातोहात फिरतें. आमच्या मतें शताब्दीच्या रौप्य नाण्याहून हें हिणकस नाणें रिझाल यांस अधिक शोभतें. आणि त्याहूनहि शोभेल ती कायद्यानें कबूल केलेली, गांवच्या मंडळाकडून फुकट मिळणारी ‘नोली’ची प्रत. तेव्हां पुढील स्मारकासाठीं टांकसाळीकडे धांव घेण्यापूर्वीं सरकारनें १९५६ चा कायदा काढून पाहावा, आणि त्यांतील वचन कोणकोणत्या गांवांत पोंचलें याचा हिशेब लोकांपुढें मांडावा. तो हिशेब पुरा होईपर्यंत नवी चांदी वितळविण्याची घाई नको.