गप्प राहणारी पेटी

लाउडस्पीकरसाठी मराठीत जे प्रतिशब्द रूढ झाले त्यांत ‘ध्वनिवर्धक’ आणि ‘ध्वनिक्षेपक’ हे दोन प्रमुख. एक ध्वनी वाढवतो, दुसरा तो दूर फेकतो. बोलीतला ‘कर्णा’ तर रणवाद्याचेच नाव घेऊन आलेला. ध्वनी जसा होता तसा ऐकणाऱ्यापर्यंत आणून देणे हा अर्थ या तिन्ही शब्दांत कुठेच नाही. भाषेवर सगळा दोष ढकलण्याची आमची इच्छा नाही. परंतु जी गोष्ट आपण नावातच सोडून दिली, ती व्यवहारातही फारशी उरली नाही असे आमचे निरीक्षण आहे.

आम्ही नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती मार्गावरील वाडीत राहतो. जवळच अंबाझरीची आयुध निर्माणी, आजूबाजूला मालवाहतूकदारांची गोदामे आणि मधून जाणारा महामार्ग. ट्रकचे हॉर्न, लग्नसराईतील वराती, मिरवणुकांतून सरकणाऱ्या स्पीकरच्या भिंती आणि उन्हाळ्यात घरोघरी रात्रभर घरघरणारे कूलर, असा इथला बारमाही ध्वनी. अशा ठिकाणी घरी बसून स्टीरिओ स्पीकरची जोडी स्वतः बनवावी असे कोणाला का वाटावे?

आम्हांला वाटले ते आईमुळे. गाण्याचे शब्द कळत नाहीत अशी तिची तक्रार होती. आवाज मोठा केला तरी कळत नव्हते. उलट अधिकच कळेनासे होई. आपले कान गेले, असा निष्कर्ष तिने स्वतःच काढून ठेवला होता आणि हळूहळू गाणे लावायला सांगणेही सोडून दिले होते. घरात जो स्पीकर होता तो विकत आणलेला, खर्जात घुमणारा. खालच्या पट्टीतील ध्वनी जोरकस झाला की तो वरच्या पट्टीतील ध्वनी झाकून टाकतो, हा श्रवणशास्त्रातील जुना सिद्धान्त. शब्दांचा स्पष्टपणा तर व्यंजनांत, म्हणजे वरच्या पट्टीत असतो. तेव्हा दोष कानांचा किती आणि खोक्याचा किती, हे तपासून पाहावे असे ठरवले.

आराखडा घेऊन आम्ही वाडीतल्याच एका सुतारमिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “भाऊ, हा डबा वाजाले पायजे का गप रायले पायजे?” या विषयावर आम्ही जे काही वाचले होते त्याचे सार या एका प्रश्नात होते.

मिरजेचे तंबोरे आठवावेत. तिथल्या शिकलगार घराण्यांनी शस्त्रांचे काम सोडून एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली. त्यांच्या तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा लागतो, कारण तो बोलतो. तारेचा क्षीण कंप तो आपल्या पोटात घेतो आणि स्वतःचा रंग देऊन बाहेर सोडतो. वाद्याची पेटी वाजलीच पाहिजे. स्पीकरच्या पेटीचा धर्म नेमका उलटा. भोपळ्याचा रंग ध्वनिमुद्रणात आधीच उतरलेला आहे. त्यावर पेटीने आपला रंग चढवला तर तो खोटेपणा होईल. दोन्ही पेट्या लाकूडकामच, पण एक कवीची आणि दुसरी भाषांतरकाराची.

मग पेटी हवीच कशाला? राइस आणि केलॉग या दोघांनी १९२५ मध्ये आजच्या शंकुपडद्याच्या स्पीकरची रचना मांडली, तेव्हापासूनची अडचण अशी: पडदा पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाच्या लांब लाटा कडेला वळसा घालून एकमेकींना भेटतात आणि परस्परांना पुसून टाकतात. मागची लाट कोंडून ठेवणे हे पेटीचे पहिले काम. दुसरे काम, ती कोंडताना स्वतः न थरथरणे.

आमच्या पेटीची आतली मापे १८, २२ आणि ३० सेंटिमीटर. म्हणजे सुमारे १२ लिटर हवा. रुंदी आणि खोली सारखीच, २०-२० सेंटिमीटर ठेवली असती तर दिसायला बरे दिसले असते. परंतु समोरासमोरच्या फळ्यांमध्ये जी लाट ठाण मांडते तिची कंपनसंख्या त्या अंतरावर ठरते. २० सेंटिमीटरला ती सुमारे ८५७ हर्ट्झ येते, आणि दोन मापे सारखी असतील तर दोन दोष एकाच स्वरावर येऊन बसतात. मापे वेगळी ठेवली की दोष नाहीसे होत नाहीत, विखुरतात. एवढ्यावर समाधान मानावे लागते.

लाकडाबद्दल प्रत्येकाचा एकच आग्रह होता: सागवान घ्या. आलापल्ली-बल्लारशाहचा सागवान हा विदर्भाचा अभिमानाचा विषय, हे आम्हांलाही मान्य आहे. पण अस्सल लाकूड मे महिन्याच्या कोरड्या उन्हात आकसते आणि जुलैत फुगते. हवाबंद राहायला हव्या असलेल्या पेटीला ते परवडत नाही. आम्ही १८ मिलिमीटरचा प्लायवूड घेतला, आत एक आडवी पट्टी ठोकून समोरासमोरच्या फळ्या एकमेकींना बांधल्या आणि पोकळीत गादीवाल्याकडून पिंजून आणलेला कापूस सैलसर भरला. कापसात शिरलेली लाट धाग्यांशी झगडून थकते. खेरीज पेटी जणू थोडी मोठी झाल्यासारखी वागते. वऱ्हाडच्या कापसाचा असाही एक उपयोग आहे.

यापुढचा भाग आकड्यांचा आहे, आणि तो टाळू नये असे आमचे मत आहे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी स्पीकरचा स्वभाव मोजक्या आकड्यांत बांधून दाखवला. त्यापूर्वी पेटी बनवणे बरेचसे अंदाजाचे काम होते. आमच्या ५ इंची वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या ५० हर्ट्झ, क्यू ०.५, आणि त्याच्या पडद्याची लवचीकता १२ लिटर हवेइतकी. पेटीतली हवाही तेवढीच. म्हणजे दोन सारख्या स्प्रिंगा एकमेकींना जोडल्या गेल्या. अशा वेळी दोन्ही आकडे दोनच्या वर्गमुळाने वाढतात: ५०चे ७१ हर्ट्झ होतात आणि ०.५चे ०.७०७. हा दुसरा आकडा म्हणजे न घुमणाऱ्या, न कोरड्या पेटीची पाठ्यपुस्तकी खूण.

आता ७१ हर्ट्झ म्हणजे काय, हे गाण्याच्या भाषेत सांगता येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला मिळवलेली असते. आमच्या जोडीत त्या तारेचा मूळ स्वर निम्म्याहून कमी शक्तीने येतो, आणि तरीही खर्ज ऐकू येतो. कारण तंबोऱ्याचे वैभव मूळ स्वरापेक्षा त्यावरच्या स्वरांशांत असते. ते नीट आले की खालचा स्वर मन स्वतःच भरून घेते. पहिल्याच जोडीत धडधडणारा खर्ज मिळवण्याच्या नादी जे लागतात, त्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

वूफर आणि ट्वीटर यांच्यात ध्वनीची वाटणी करणारे मंडल, म्हणजे क्रॉसओव्हर, ही पुढची पायरी. ३००० हर्ट्झवर वाटणी करायची आणि स्पीकर ८ ओहमचा धरायचा, तर पुस्तकी सूत्रानुसार ०.६ मिलिहेन्रीचे वेटोळे आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. सीताबर्डीत हे सुटे भाग हिंडून मिळवता येतात. मात्र कोणताही वूफर सर्व स्वरांना ८ ओहमचा राहत नाही. वर जावे तसा त्याचा विरोध वाढतो. म्हणून सूत्राने निघालेली उत्तरे ही सुरुवात असते, शेवट नव्हे. मोजायचे, ऐकायचे, बदलायचे आणि पुन्हा ऐकायचे. आम्ही हे डिसेंबरात केले, कारण तेव्हा कूलर बंद असतात.

पहिल्या रात्री फजिती झाली. वसंतराव देशपांडे लावले. नागपूरच्या मातीत वाढलेला तो धारदार आवाज खोलीभर पसरला खरा, पण त्याचा ठावठिकाणाच लागेना. खर्जही गायब. दोन दिवस आम्ही दोष पेटीला, प्लायवूडला आणि अखेर ध्वनिमुद्रणाला दिला. कारण क्षुल्लक निघाले. एका वूफरच्या तारा आम्ही उलट जोडल्या होत्या. एक पडदा पुढे जाई तेव्हा दुसरा मागे. दीड व्होल्टचा साधा सेल तारांना क्षणभर टेकवून पडदा कोणीकडे सरकतो हे आधी पाहिले असते तर दोन दिवस वाचले असते.

तार सुलटी केल्यावर गायक दोन पेट्यांच्या मधोमध, जिथे काहीच नाही तिथे, येऊन बसला. यातून एक गोष्ट उमगली. ॲलन ब्लमलिन यांनी १९३१ मध्ये पेटंटासाठी अर्ज करून स्टीरिओचा पाया घातला; पण आपला संगीताचा जुना ठेवा, अब्दुल करीम खाँ असोत वा बालगंधर्व, एकपदरी आहे. आणि स्टीरिओ जोडीची सर्वांत कठोर परीक्षा हीच एकपदरी मुद्रणे घेतात. दोन्ही पेट्या खरोखर जुळ्या असतील तरच आवाज मध्यावर अरुंद आणि स्थिर उभा राहतो. जरा फरक असला की तो पसरतो किंवा सरकतो. नव्या यंत्राचा न्याय जुन्या तबकडीने करावा, हे आम्हांला अतिशय आवडले.

इथे एक आक्षेप रास्त आहे. एवढ्या पैशात तयार जोडी मिळत नाही का? मिळते, आणि मोजमापात बहुधा आमच्याहून सरस मिळते. पैसे वाचतात म्हणून स्पीकर बनवा असे सांगणारा मनुष्य एक तर हिशेब ठेवत नाही किंवा खरे बोलत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. विकत आणलेल्या वस्तूचा आवाज आपण निमूट स्वीकारतो. तो वाईट वाटला तर कानांना, गायकाला वा काळाला दोष देतो. स्वतः बनवलेल्या पेटीबाबत ही पळवाट उरत नाही. जे ऐकू येते त्याला आपण उत्तरदायी होतो. टीकाकाराला वाचताना जी शिस्त लागते तिच्याशी हिचे जवळचे नाते आहे: हे कृतीत आहे, की माझ्या खोक्यात?

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मिरवणुकीच्या वाटेवर राहणाऱ्याला ती वाचून हसू येते. नियम हवेतच, त्यांची अंमलबजावणीही हवी. पण ज्याच्या कानांनी हलका आवाज कधी नीट ऐकलेलाच नाही, त्याला मोठा आवाज कमी करावासा वाटेल कसा? शांततेची गरज आधी कानांना कळावी लागते. बारा लिटरच्या दोन पेट्यांनी वाडी शांत होणार नाही, हे आम्ही जाणतो. घरातील आवाजाची खुंटी मात्र आता पूर्वीच्या निम्म्यावर असते.

आईच्या कानांचे वयोमानाने थोडे गेलेच आहे, हे तपासणीत दिसले. सगळा दोष खोक्याचा नव्हता. परंतु सगळा कानांचाही नव्हता. पहिल्यांदा शब्द कळले तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त दुसरे गाणे लावायला सांगितले. मिस्त्री येऊन बसले त्या दिवशी त्यांनी गाणे चालू असताना पेटीच्या कुशीवर तळहात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि मान डोलावली. गाण्याला की पेटीला, ते आम्ही विचारले नाही.