मूर्ती शाबूत, नाव गायब

सह्याद्रीवरील मराठी भटकंती-लेखनात एक पात्र हमखास भेटते. चुकलेली वाट दाखवणारे, ताकाचा तांब्या पुढे करणारे, सुरकुतलेल्या चेहऱ्याचे ‘मामा’ किंवा ‘आजी’. त्यांच्या निर्व्याज हास्याचे वर्णन होते, छायाचित्र निघते आणि लेखक पुढच्या बुरुजाकडे वळतो. या पात्राला आडनाव नसते, शेत नसते. मत तर नसतेच. हे लेखन प्रेमळ असते, म्हणून त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. तो घेण्याची वेळ आली आहे.

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटाचे उदाहरण पाहू. तेथील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या नष्ट झाल्या. वर कोरलेली नावे मात्र उरली. भिंतीवरील ब्राह्मी लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायींची आणि कार्षापणांची गणती आहे, आणि विद्वानांनी ती अक्षर अक्षर लावून वाचली. आपल्या प्रवासवर्णनांत नेमके उलटे घडते: मूर्ती शाबूत, नाव गायब. दोन हजार वर्षांपूर्वीच्या दक्षिणेचा हिशेब आपण आवडीने सांगतो. घाटाच्या माथ्यावर राहणाऱ्या म्हातारीचा हिरडा यंदा काय भावाने गेला, हे विचारावेसे आपल्याला वाटत नाही. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी कुटुंबांच्या हाती रोख रक्कम येते ती प्रामुख्याने या बाळहिरड्यातून. जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात ही झाडे मोडली, तेव्हा त्या कुटुंबांचे काय मोडले, याची नोंद भटकंतीच्या वाङ्मयात शोधून पाहावी.

आंबेगाव तालुक्याची कथा याहून बोलकी आहे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते गावच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. आमच्या लेखकांना तेथे ‘निळेशार पाणी’ दिसते. पाण्याखाली बाजार कुठे भरत असे, हे सांगू शकणारे लोक आज वृद्ध आहेत आणि काठावरच्या गावांतून राहतात. याच तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली. जगाला हे कळले ते एका एसटी चालकामुळे, कारण नेहमीच्या जागी त्याला गाव दिसेना. गाव नाहीसे झाल्याचे ओळखायला ते आधी गाव म्हणून ठाऊक असावे लागते. निसर्गचित्र म्हणून पाहिलेल्या वस्तीची उणीव कोणाला भासणार?

यावर ठरलेले उत्तर असते की भटक्या हा काही समाजशास्त्रज्ञ नव्हे. मान्य. पण तो इतिहाससंशोधकही नसतो; तरीही गॅझेटियर चाळून टाक्यांची संख्या आणि दरवाजांची दिशा तो अचूक देतो. म्हणजे प्रश्न कुवतीचा नाही, कुतूहल कोठे खर्च करावे याचा आहे. शिवाय मराठीला याचे वावडे होते असेही नाही. गो. नी. दांडेकरांनी ‘माचीवरला बुधा’मध्ये मुंबई सोडून राजमाचीवर परतलेल्या म्हाताऱ्यालाच नायक केले होते. जुन्नरमधल्याच निमगिरीत जन्मलेल्या डॉ. गोविंद गारे यांनी आपल्याच समाजाचा अभ्यास ग्रंथरूपाने मांडला. ही वाट असूनही आपण ती सोडली.

घरच्यांचे लेखनही निर्दोष नाही. नोकरीनिमित्त मंचर, चाकण, पुणे येथे स्थिरावलेली मुले जत्रेला, लग्नकार्याला गावी जातात आणि परतल्यावर ‘आई उंबऱ्यावर वाट पाहते आहे’ असा ललितलेख लिहितात. आई वाट पाहत असेलही. पण तेवढेच करीत नसते. ती राब भाजते, रोपे लावते, बिबट्याच्या भीतीने शेरडे वेळेत आत घेते. शहरातल्या सदनिकेत यायला ती नकार देते, तो हळवेपणा म्हणून खपवला जातो. तो निर्णय असू शकतो, जमिनीचा आणि हक्काचा विचार करून घेतलेला, ही शक्यता ललितलेखकाच्या मनाला शिवत नाही.

वनहक्क कायद्याखालील २००८ च्या नियमांनी गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरला आहे. कायद्याला जे उमगले ते साहित्याला उमगू नये, ही शरमेची गोष्ट आहे. कायदा त्यांची साक्ष घेतो. आपण त्यांच्याकडून केवळ वातावरणनिर्मिती करून घेतो.

प्रवासवर्णनातील निसर्गप्रतिमांवर प्रबंध लिहून घेणाऱ्या मराठी विभागांनी एवढे तरी करावे. विद्यार्थ्याला वर्षातून चार दिवस त्याच्याच आजोळी पाठवावे. खाचरांची, झऱ्यांची, खिंडींची नावे कोणती आणि ती कशी पडली, हे सांगणाऱ्याच्या नावानिशी लिहून आणायला लावावे. सांगणारे सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. नाणेघाटाचा लेख दगडात होता, म्हणून दोन हजार वर्षे थांबला. हा थांबणार नाही.