बुंदीचा झारा आणि औषधाचा कण

सणासुदीला घरी बुंदी पाडताना आपण अनेकदा पाहिले असेल. कढईवर झारा धरून त्यावर पीठ ओततात आणि झाऱ्याचा दांडा कढईच्या काठावर ठोकीत राहतात. ठोका लयीत पडला की दाणे गोल व सारखे उतरतात. हात अडखळला की एखाद्या दाण्याला शेपटी फुटते, कुठे दोन दाणे एकमेकांस चिकटतात. हीच लय साधून प्रयोगशाळेत डोळ्यांना न दिसणारे, परंतु अगदी एकाच मापाचे कण तयार करता येतात.

प्रथम नळाच्या बारीक धारेकडे पाहा. थोडे अंतर जाताच ती तुटते व तिचे लहानमोठे थेंब होतात. फ्रान्समधील फेलिक्स सावार यांनी १८३३ साली या तुटण्याचे बारकाईने वर्णन केले. जवळ वाद्याचा स्वर काढला असता धार नियमितपणे तुटते, हेही त्यांनी पाहिले. पुढे बेल्जियमच्या जोसेफ प्लाटो यांनी याचे कारण पृष्ठताणात शोधले. द्रवाचा पृष्ठभाग नेहमी आक्रसू पाहतो, आणि लांब धारेपेक्षा गोल थेंबांना पृष्ठभाग कमी लागतो. विशेष हे की, या संशोधनाच्या काळात प्लाटो यांची दृष्टी गेलेली होती. १८७८ साली इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखविले की, धारेच्या व्यासाच्या सुमारे साडेचारपट लांबीची लाट सर्वांत वेगाने वाढते आणि धारेला तोडते.

मग युक्ती उघडच आहे. ज्या छिद्रातून धार येते, त्याला स्फटिकाच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा, पण न चुकता एकाच लयीत कंपवावयाचे. प्रत्येक कंपनाला एक थेंब! थेंबाचा व्यास धारेच्या जवळजवळ दुप्पट भरतो.

या थेंबापासून घन गोल कसा मिळतो? द्रवात पदार्थ विरघळवून ठेवतात. थेंब हवेत वाळला की तेवढा पदार्थ मागे उरतो. द्रवाच्या हजार भागांत पदार्थ एक भाग असेल, तर उरलेल्या गोलाचा व्यास थेंबाच्या एकदशांश होतो. म्हणजे चाळीस मायक्रोमीटरच्या थेंबातून चार मायक्रोमीटरचा गोल! एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आपण विचाराल. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर उत्तर जवळच आहे. श्वासावाटे घेतलेल्या औषधाचे मोठे कण बहुधा घशातच अडकतात. साधारण एक ते पाच मायक्रोमीटरचे कण फुफ्फुसांपर्यंत पोहोचतात. शिवाय कणाचा व्यास दुप्पट झाला, तर त्यातील औषध आठपट होते. कोणता कण कोठे जाऊन बसतो, हे लहानमोठ्या कणांच्या मिश्रणावरून नेमके सांगणे कठीण. त्यासाठी एकाच मापाचे कण हवेत. असे कण हाती आल्यामुळेच संशोधकांना हा शोध घेता आला, आणि कण मोजणारी यंत्रे बरोबर मोजतात की नाही, हेही पडताळता आले.

बुंदीचा दाणा थोडा लहानमोठा झाला, तरी लाडू गोडच लागतो. औषधाच्या कणाला मात्र ती सवलत नाही.